पेज, तोर आणि बंद केलेली मासळी: सिरोसिसच्या एका पेशंटची पूर्ण केस

लिव्हर सिरोसिसचा (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाण्याच्या आजाराचा) माणूस असंबद्ध बोलायला लागला, दिवसा झोपून रात्री घरभर फिरायला लागला, की आपल्याकडे घरात सगळ्यात आधी काय होतं तर ताटातली मासळी जाते, मग अंडं, मग डाळ, आणि पेज चालू होते. "हलकं द्या, प्रोटीन बंद करा" हे इतक्या वर्षांपासून इतक्या लोकांनी सांगितलंय की ते चुकीचं असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. मी गोव्यात लिव्हरच्या पेशंटांबरोबर काम करणारी आहारतज्ज्ञ आहे आणि ही केस मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण यात ते एक वाक्य काय काय करू शकतं ते ओळीनं दिसतं. घरच्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

पेशंट साठीच्या आतले, डिचोली तालुक्यातले, खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा काम गेलं, आधीपासून रोजची फेणी होतीच, ती वाढली. डायबेटीस जुना. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा पोटात पाणी झालं तेव्हा सिरोसिस कळला आणि त्या दिवसापासून त्यांनी फेणी सोडली ती सोडलीच, उर्राकाच्या (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या) सीझनला सगळा वाडा बसलेला असतानासुद्धा नाही. हे मी आवर्जून लिहितेय कारण अशा पेशंटकडे बघताना "पिणारा आहे, काय करणार" ही नजर वॉर्डात अजून असते, आणि या माणसानं आपल्या बाजूनं करायचं ते केलं होतं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना एंडोस्कोपीनं बँड लावून झाले होते, शिरांमधला दाब कमी करणारी कार्व्हेडिलॉल चालू होती, पोटातलं पाणी लघवीवाटे काढायला स्पायरोनोलॅक्टोन १०० आणि फ्युरोसेमाइड ४० या "पाण्याच्या गोळ्या". गाडी बरी चालली होती.

मे महिन्याच्या शेवटी झोप उलटली. रात्री दोनला उठून आंघोळीला पाणी तापवायचं, सकाळी जेवताना ताटावरच पेंगायचं. मुलानं जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे रक्तातला अमोनिया (लिव्हर साफ करू शकलं नाही की साठून डोक्यावर परिणाम करतो तो) तपासला, जास्त आला, आणि कागदावर लिहून मिळालं: लॅक्टुलोज (पोट साफ करणारं पातळ औषध) रात्री दोन चमचे, प्रोटीन बंद. बस, एवढंच. किती दिवस बंद, किती बंद, त्याऐवजी काय खायचं, काहीच नाही.

पेशंटच्या बायकोनं, म्हणजे काकींनी (मी त्यांना काकी आणि पेशंटला काका म्हणते, त्या मला बाय म्हणतात) ते तंतोतंत पाळलं. घरात हुमण (मासळीची आमटी) व्हायचं पण काकांच्या ताटात नाही. अंडं नाही, मूग नाही, अळसाणे (चवळीसारखं कडधान्य) नाहीत, दूध चहापुरतं. सकाळी पेज, दुपारी पेज किंवा भात आणि सोलकढी, रात्री परत पेज. आता नुसती पेज गळ्याखाली उतरणार कशी, तर सोबत चेपणीचं तोर (मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी), नाहीतर लोणच्याची फोड, पापड, आणि कधीतरी गालमोची किसमूर (सुक्या जवळ्याची खोबरं घातलेली कोशिंबीर). मी विचारलं, काकी, गालमो म्हणजे मासळीच ना? त्या म्हणाल्या, "ती काय मासळी नव्हे गो बाय, ती तोंडाला रुची यायला."

त्यात जून लागला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, ताजी मासळी महाग आणि कमी, आणि पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी म्हणून भरून ठेवलेलं सुकं-खारवलेलं बाहेर काढायचे हेच दिवस. म्हणजे घरात मिठात ठेवलेल्या वस्तू सगळ्यात जास्त ज्या दोन महिन्यांत खाल्ल्या जातात, नेमक्या त्याच महिन्यांत काकांचं जेवण पेज-तोरावर आलं.

सिरोसिसमध्ये पोटात पाणी का साठतं, तर लिव्हरमधून रक्त नीट पुढे सरकत नाही, पोर्टल शिरेत (आतड्यातलं रक्त लिव्हरकडे नेते ती) दाब वाढतो, शरीराला वाटतं रक्ताभिसरणात रक्त कमी पडतंय, आणि मग किडनी मीठ धरून ठेवते, मिठाबरोबर पाणी. म्हणून या पेशंटला दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आसपास मीठ चालतं, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, त्यात स्वयंपाकातलंही आलं आणि लोणच्यातलंही. चेपणीचं तोर तर खाऱ्या पाण्यातच महिनोन्‌महिने मुरलेलं असतं. तेव्हा काकांच्या ताटात जे कमी करायचं होतं ते वाढलं आणि जे ठेवायचं होतं ते गेलं, आणि हे कुणाच्या निष्काळजीपणानं नव्हे, सांगितलेलं मनापासून पाळल्यामुळे झालं. मला या केसमध्ये सगळ्यात जास्त हेच लागलं.

पुढे एकेक गोष्ट दुसरीला ओढत गेली. मिठानं पोट परत फुगलं, म्हणून फ्युरोसेमाइड दुप्पट झाली. त्यानं लघवी झाली पण रक्तातलं सोडियम उतरत गेलं, किडनीवर ताण आला. लॅक्टुलोजनं पोटात वारा धरतो आणि दोन-तीनदा जावं लागतं म्हणून "जुलाब होतात" असं समजून काकांनी तो स्वतःच बंद केला, मग बद्धकोष्ठ. रात्री झोप नाही म्हणून कुणीतरी दिलेली झोपेची गोळी चालू झाली, अल्प्राझोलाम. ही गोळी सिरोसिसमध्ये, आणि त्यातही डोक्यावर परिणाम व्हायला लागलेला असताना, अगदी नको. झोप उलटणं हेच त्या आजाराचं लक्षण असतं, त्याच्यावर झोपेची गोळी दिली की माणूस झोपत नाही, गुंगतो.

जुलैच्या मध्यावर काका आमच्याकडे आले ते स्ट्रेचरवर. हाक मारली तर डोळे उघडायचे, स्वतःचं नाव सांगायचे, पण आपण कुठे आहोत विचारलं तर "सारमानस" म्हणाले, जिथे पूर्वी बार्जवर खनिज भरायचे. लिव्हर थकल्यामुळे डोक्यावर असा परिणाम होतो त्याला एन्सेफलोपॅथी म्हणतात, ती मोजायची वेस्ट हेवन नावाची पायरी-पद्धत आहे, त्यात हे तिसऱ्या ग्रेडमध्ये येतं, चौथी म्हणजे कोमा. पोट ताठ, पायांवर सूज, शौचाला तीन दिवस झालेलं नाही, ताप नाही. बीपी ९२ वर ५६. शुगर ६८, ती आधी वर आणली. सोडियम १२२, क्रिएटिनिन (किडनी बिघडली की वाढतं ते) १.६ (एप्रिलमध्ये ०.९ होतं), बिलिरुबिन ३.८, अल्ब्युमिन २.३, आयएनआर १.८. लिव्हर किती बिघडलंय ते सांगणारे चाइल्ड-प्यूचे गुण काढले तर १५ पैकी १४, म्हणजे सी, सगळ्यात गंभीर गट. डोक्याचा सीटी स्कॅन केला, रक्तस्राव वगैरे नव्हता.

इथे आमच्या डॉक्टरांनी अमोनिया परत तपासायला पाठवला नाही, आणि ते बरोबरच होतं. नॉर्मल अमोनिया आला तर निदान चुकतंय का हा विचार करायला तो उपयोगी आहे, पण वाढलेला आकडा बघून उपचार बदलत नाहीत, आणि नमुना बर्फात ठेवून लगेच लॅबला गेला नाही तर तो आकडाही भरवशाचा राहत नाही. त्यापेक्षा "आज का बिघडलं?" हे शोधायचं असतं. एन्सेफलोपॅथीच्या बहुतेक झटक्यांना काहीतरी निमित्त असतंच: इन्फेक्शन, आतड्यात रक्तस्राव, बद्धकोष्ठ, सोडियम-पोटॅशियम बिघडणं, पाण्याच्या गोळ्या जास्त होणं, झोपेच्या गोळ्या. काकांच्या बाबतीत यादीतली चार तर कागदावर दिसतच होती, आणि पाचवी पोटात होती.

पोटातलं पाणी सुईनं काढून तपासलं. असा पेशंट ॲडमिट झाला की ताप असो नसो, पोट दुखो ना दुखो, हे टॅपिंग पहिल्याच दिवशी व्हायलाच पाहिजे. न्यूट्रोफिल पेशी आल्या ४८० प्रति घनमिलिमीटर. २५० च्या वर म्हणजे पाण्याला इन्फेक्शन, त्याला एसबीपी म्हणतात, आतड्यातले जंतू कुठलंही भोक वगैरे न पडता त्या पाण्यात पोचतात. कल्चरमध्ये काही उगवलं नाही, पण बऱ्याच केसेसमध्ये उगवतच नाही, त्यासाठी थांबायचं नसतं, सेल काउंटवरच अँटिबायोटिक चालू करायचं.

सेफ्ट्रियाक्सोन चालू झालं आणि त्याच्या बरोबर शिरेतून अल्ब्युमिन, पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी किलोमागे एक. मुलाचा पहिला प्रश्न खर्चाचा होता, कारण अल्ब्युमिनची एकेक बाटली काही हजारांना पडते आणि पहिल्याच दिवशी चार लागणार होत्या. "अँटिबायोटिक तर देताय, मग हे कशाला, ताकदीसाठी काय?" असं त्यानं विचारलं. ताकदीसाठी नाही. १९९९ मध्ये स्पेनमध्ये १२६ पेशंटांवर एक ट्रायल झाली, एसबीपी झालेल्या अर्ध्या लोकांना नुसतं अँटिबायोटिक, अर्ध्यांना त्यासोबत हेच अल्ब्युमिन याच मापात. नुसत्या अँटिबायोटिकवाल्यांत ३३ टक्क्यांची किडनी बिघडली, अल्ब्युमिनवाल्यांत १० टक्क्यांची. हॉस्पिटलमध्ये मरण पावले २९ टक्के विरुद्ध १० टक्के. जंतू दोन्हीकडे सारखेच मेले होते, फरक किडनी वाचण्याचा होता. काकांचं क्रिएटिनिन आधीच चढलेलं, त्यामुळे इथे काटकसर करायला जागाच नव्हती. मुलाला हे आकडे आमच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवले, त्यानंतर त्यानं एकदाही तो प्रश्न काढला नाही. लोकांना आकडे कळत नाहीत असं आपण उगाच धरून चालतो.

बाकी पाण्याच्या गोळ्या बंद, अल्प्राझोलाम बंद, बीपी कमी आणि किडनी नाजूक म्हणून कार्व्हेडिलॉल तात्पुरती बंद, लॅक्टुलोजचा एनिमा आणि मग रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) लॅक्टुलोज. संध्याकाळपर्यंत पोट साफ झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावलं, ट्यूबमधून काय द्यायचं ते ठरवायला. मी आधी पेशंटला बघितलं, आणि इथे जरा थांबून सांगते कारण घरातल्यांना हे दिसत नाही, पोट इतकं मोठं असतं की माणूस लठ्ठ वाटतो. वजनकाट्यावर ६४ किलो. पण कानशिलं आत गेलेली, गळ्याखालची हाडं वर आलेली, अंगठा आणि तर्जनीच्या मधला जो मांसल उंचवटा असतो तो सपाट. दंडाला टेप लावला तर माझ्या स्वतःच्या दंडापेक्षा बारीक, आणि हा माणूस पंचवीसएक वर्षं खनिजाचा ट्रक हाकत होता. पाणी वजा करून अंदाजे कोरडं वजन ५२ किलो धरलं. ५२ किलोला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन म्हणजे दिवसाला ६२ ते ७८ ग्रॅम लागतं. घरी काय जात होतं त्याचा काकींकडून घास-घास हिशोब घेतला, तर पेज, भात, चहा-बिस्किटं, केळं धरून जेमतेम २० ग्रॅम भरत होतं. सहा-सात आठवडे.

मी लिहून दिलं, आजपासून ट्यूबमधून थोडं थोडं चालू, दोन-तीन दिवसांत पूर्ण ६५ ग्रॅमवर न्यायचं. मुलगा तयार होईना. चिडून नाही, घाबरून. "मॅडम, प्रोटीननंच अमोनिया होतो ना? नेटवर पण तसंच आहे. आता कुठे डोळे उघडताहेत." वॉर्डातल्या एकदोघांचाही चेहरा तसाच होता, शुद्धीवर आल्यावर बघू ना, असा.

ही भीती आली कुठून ते सांगायला हवं, कारण ती वेडगळ नाही. १८७७ मध्ये निकोलाय एक्क नावाच्या रशियन डॉक्टरनं कुत्र्यांमध्ये पोर्टल शीर थेट मोठ्या शिरेला जोडून बघितली, म्हणजे आतड्यातलं रक्त लिव्हरला वळसा घालून जाणार. १८९३ मध्ये पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं की अशा कुत्र्यांना मांस खायला घातलं की ती झोकांड्या खातात, गुंगतात, झटके येतात. पुढे १९५४ मध्ये लंडनला शीला शेरलॉक आणि सहकाऱ्यांनी सिरोसिसच्या माणसांमध्ये असंच चित्र वर्णन केलं. त्या काळात लॅक्टुलोज नव्हतं (ते या आजारात १९६६ मध्ये आलं), हातात होतं काय तर ताट. तेव्हा प्रोटीन कमी करणं हा उपायच होता, आणि तो पाठ्यपुस्तकांत गेला तो गेलाच.

मधल्या काळात दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे अमोनिया फक्त खाल्लेल्या मांसातून येत नाही, आतड्यातले जंतू तो करतात, आतड्याच्या भिंतीतल्या पेशी स्वतः ग्लुटामिनमधून करतात, आणि पोटॅशियम उतरलं की किडनीही जास्त करते. आणि दुसरी, जी मी प्रत्येक घरच्या माणसाला सांगते: लिव्हर थकलं की अमोनिया पकडून ठेवायचं काम अंगातले स्नायू करतात, त्याचं ग्लुटामिन करून. म्हणजे ज्याचे दंड-मांड्या शाबूत, त्याच्या मेंदूला तेवढं संरक्षण. प्रोटीन बंद केलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं, त्यातूनही अमोनिया होतोच, आणि तो झेलणारा स्नायूही कमी होतो. शिवाय सिरोसिसच्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा नसल्यातच जमा, त्यामुळे निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासानं शरीराचं जे होतं ते यांचं एका रात्रीत होतं. रात्री आठला पेज आणि सकाळी नऊला चहा म्हणजे तेरा तास.

हे नुसतं तर्कानं बोलत नाही. २००४ मध्ये बार्सिलोनाच्या कोर्दोबा आणि सहकाऱ्यांनी एन्सेफलोपॅथीनं ॲडमिट झालेल्या ३० जणांवर ट्रायल केली. एका गटाला पहिले तीन दिवस शून्य प्रोटीन आणि मग हळूहळू वाढवत १४ व्या दिवसापर्यंत १.२ ग्रॅमवर, दुसऱ्याला पहिल्या दिवसापासून १.२ ग्रॅम, ट्यूबमधून. शुद्धीवर येण्यात फरक पडला नाही. पण कमी प्रोटीनवाल्यांच्या शरीरात स्नायू मोडण्याचं प्रमाण जास्त होतं. ट्रायल छोटी आहे, शेवटपर्यंत तपासता आले ते फक्त वीस जण, हे मान्य, पण जे आजवर गृहीत धरलं होतं त्याला धक्का द्यायला एवढं पुरेसं होतं, आणि त्यानंतरचा पुरावाही त्याच बाजूनं गेलाय. आपल्याकडे दिल्लीच्या जी. बी. पंत हॉस्पिटलमध्ये सौम्य एन्सेफलोपॅथीच्या १२० पेशंटांवर सहा महिन्यांची ट्रायल झाली, २०१६ मध्ये छापली गेली. एका गटाला किलोमागे ३० ते ३५ कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रोटीनचा ठरवून दिलेला आहार, बहुतेक डाळी-दुधाचा, दुसरा गट नेहमीच्या जेवणावर. आहारवाल्यांत ७१ टक्के लोक त्या अवस्थेतून बाहेर आले, नेहमीच्या जेवणावर २३ टक्के.

मी मुलाला हे सगळं वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर बसून सांगितलं आणि एक गोष्ट कबूल केली की प्रोटीन दिल्यानं बाबा आज शुद्धीवर येणार नाहीत, शुद्धीवर आणेल ते अँटिबायोटिक आणि लॅक्टुलोज. प्रोटीन आहे ते पुढच्या झटक्यासाठी. तो म्हणाला, "मग द्या, पण मी इथेच बसतो." आणि बसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका बोलायला लागले. हात पुढे करून मनगटं मागे वळवायला सांगितली तर पंजे अजून फडफडत होते, पण आपण हॉस्पिटलमध्ये आहोत हे कळत होतं. ४८ तासांनी परत टॅपिंग केलं तेव्हा न्यूट्रोफिल १४० वर आलेले, क्रिएटिनिन १.१, सोडियम १२८. पाचव्या दिवशी ट्यूब काढली आणि तोंडानं जेवण चालू झालं.

जेवण ठरवताना मी गोव्याच्या ताटातूनच उचललं, कारण वीस-वीस दिवस प्रोटीन पावडर पिणारा पेशंट मी फारसा पाहिलेला नाही. सकाळी पेज चालेल, पण तिच्यात मूग शिजवून घालायचे आणि तोर नाही, वाटलं तर कोकमाचं आगळ बिनमिठाचं घेऊन त्याचा थेंब. दुपारी ताजा बांगडा किंवा तारले, १०० ग्रॅम मासळीत साधारण १९-२० ग्रॅम प्रोटीन मिळतं, हुमणात मीठ घरच्यांच्या निम्म्यानं. मासळी नसेल त्या दिवशी अंडी, एकात सहा ग्रॅम, किंवा अळसाणे-कुळीथ. संध्याकाळी दही. आणि रात्री झोपण्याआधी नाचणीची आंबील दुधात, हे मुख्य. न्यूझीलंडमध्ये १०३ पेशंटांना वर्षभर ७१० कॅलरीचं तेच सप्लिमेंट अर्ध्यांना दिवसा आणि अर्ध्यांना रात्री दिलं, तर रात्रीवाल्यांच्या अंगात सुमारे दोन किलो मांस भरेल एवढं प्रोटीन वाढलं, दिवसावाल्यांत नाही. खायचं तेच, फक्त वेळ बदलली. डायबेटीस आहे म्हणून आंबिलीत गूळ-साखर नाही.

काकींना सगळ्यात अवघड गेलं ते किसमूर आणि लोणचं सोडणं. त्यांचं म्हणणं रास्त होतं, आजारी माणसाला तोंडाला चव नको का? मग लिंबू, मिरी, कोथिंबीर, तिरफळ, आल्याचा रस यांच्यावर चव आणली. एक इशारा मात्र मी कडक शब्दांत दिला, तिसऱ्यो, खुबे, कालवं ही शिंपल्यातली मासळी अर्धवट शिजवून अजिबात नाही, आणि पायाला-हाताला जखम असताना खाडीत उतरायचं नाही की मासळी साफ करायची नाही. खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असतो, धडधाकट माणसाला तो सहसा फार त्रास देत नाही पण सिरोसिसच्या पेशंटला रक्तात पसरून दोन दिवसांत नेऊ शकतो. किनारपट्टीवर राहणाऱ्या लिव्हरच्या प्रत्येक पेशंटला हे माहीत असायला हवं आणि बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं.

घरी जाताना औषधं अशी होती. लॅक्टुलोज चमच्यांच्या मापानं नाही तर शौचाच्या मापानं, दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ होईल एवढं, कमी झालं तर वाढवायचं, पाण्यासारखं व्हायला लागलं तर कमी करायचं पण बंद नाही. याच पंत हॉस्पिटलची २००९ ची ट्रायल आहे, एकदा झटका येऊन सावरलेल्यांत लॅक्टुलोज घेणाऱ्या १९.६ टक्क्यांना परत झटका आला, न घेणाऱ्यांत ४६.८ टक्क्यांना. काकांनी जो बंद केला होता तो हाच. जोडीला रिफॅक्सिमिन (आतड्यातच काम करणारं अँटिबायोटिक) ५५० दिवसातून दोनदा, २०१० च्या २९९ पेशंटांच्या ट्रायलमध्ये त्यानं सहा महिन्यांतले झटके ४५.९ वरून २२.१ टक्क्यांवर आणले, आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त लोक लॅक्टुलोजही घेत होते, म्हणजे रिफॅक्सिमिन लॅक्टुलोजच्या बदली नव्हे, त्याच्या सोबत. एसबीपी एकदा झाला की वर्षभरात परत होण्याचं प्रमाण उपचाराशिवाय सत्तर टक्क्यांच्या घरात, म्हणून नॉरफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक रोज एक. पाण्याच्या गोळ्या सोडियम सावरल्यावर कमी डोसनं परत चालू. अंगदुखीला डायक्लोफिनॅक वगैरे काही नाही, झोपेची गोळी नाही. आणि घरी वजनकाटा, रोज सकाळी लघवीनंतर वजन लिहून ठेवायचं. पोट वाढलं तर आधी ताट तपासायचं, गोळी नंतर.

ओपीडीत डोकं किती स्वच्छ आहे हे बघायला आम्ही एक सोपी टेस्ट वापरतो, एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं आठवतील तितकी सांगायची. दहापेक्षा कमी आली तर काळजी, पंधरा किंवा जास्त आली तर बरं. डिस्चार्जच्या दिवशी काका गाय, म्हस, कुत्रो, माजर करत आठवर अडकले. पहिल्या महिन्यात अकरा. चौथ्या महिन्यात मी घड्याळ लावलं तर म्हणाले, "नुस्तीं चालतात?" मी म्हटलं चालतात. मग बांगडो, तारलो, विसवण, मोरी, शेवटो, काळुंद्र, पालू, लेपो, इतकी न थांबता आली की मला लिहायला वेळ पुरेना, मिनिटात एकोणीस. हाताची पकड १४ किलोवरून १९ वर आली होती, कोरडं वजन ५५ च्या आसपास. त्या चार महिन्यांत झटका आला नाही, टॅपिंग एकदाच लागलं.

आता यातून काय म्हणता येतं आणि काय नाही. एका माणसात एकाच आठवड्यात आठ गोष्टी बदलल्या, तेव्हा सुधारणेचं श्रेय बांगड्याला देणं चुकीचं होईल. रिफॅक्सिमिन आणि नीट घेतलेलं लॅक्टुलोज यांचा वाटा मोठा असणार. पण उलट बाजूनं पाहिलं तर ज्या प्रोटीननं झटका येईल म्हणून सगळे घाबरले होते ते तिपटीनं वाढवून चार महिन्यांत झटका आला नाही, एवढं तरी या केसमध्ये सरळ दिसतं. क्वचित एखाद्याला मांसाचं प्रोटीन खरंच सोसत नाही, त्याला डाळी-दुधावर आणायचं असतं, फार तर थोडं थोडं दिवसभर वाटून द्यायचं असतं, पण बंद नाही.

आणि लिव्हर अजून तेच आहे. बिलिरुबिन २.६, शिरा परत बघायला एंडोस्कोपी पुढच्या महिन्यात, कार्व्हेडिलॉल कमी डोसनं परत चालू झालीय. एन्सेफलोपॅथीचा मोठा झटका किंवा एसबीपी झाला की ट्रान्सप्लांटचा विचार तिथेच चालू व्हायला हवा, माणूस बरा दिसायला लागल्यावर नाही, म्हणून आमच्या डॉक्टरांनी डिस्चार्जलाच मुंबईच्या सेंटरसाठी रेफरल दिला. मुलाचा ब्लड ग्रुप जुळलाय, त्याच्या बाकी तपासण्या चालू आहेत. तिथल्या टीमनं पहिल्या भेटीत काकांच्या मांडीच्या आणि कमरेच्या स्नायूंचं माप सीटीवर काढलं आणि सांगितलं की ऑपरेशनआधी अजून भरायला हवेत, म्हणून सध्या प्रोटीन ८० ग्रॅमवर नेलंय आणि रोज अर्धा तास चालणं, त्यात घराच्या पायऱ्या दोन वेळा. पुढची तारीख जानेवारीतली आहे.